चालून दाखव

माझं सर्वांत गाजलेलं नाटक भोईवाड्यात, आमच्या चाळीतल्या खोलीत झालं. एकच प्रयोग. प्रेक्षकांना कांदेपोहे फुकट. नायिका मी, आणि नायिकेला नुसतं चालायचं होतं.

त्याआधी मी धावायचे. अर्धा मैल आणि हर्डल्स. आमचं हर्डल म्हणजे अंगणात दोन स्टुलांवर आडवी टाकलेली, कपडे वाळत घालायची काठी. मी उडी घेतली की शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडत, "अगो घोडे, माझं लुगडं फाडलंस तर तुझ्या लग्नात वसूल करीन!"

"मग बसा वाट बघत, काकू!"

बाबा कारकून. घरात मवाळ, मोर्चात जहाल. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन घसा बसला की घरी येऊन गरम पाणी मागत. मला म्हणत, "राज्य होऊ दे. छातीवर महाराष्ट्र लिहून धावलीस, तर हापिसला दांडी मारून बघायला येईन." तोवर मुंबई राज्यच होतं, आणि त्याच्या संघाची निवड चाचणी येत्या रविवारी दादरला होती. निवड झाली तर देशभरच्या मुलींबरोबर धावायला मिळणार होतं. मला दुसरं काहीही नको होतं.

नेमकं त्याच आठवड्यात गिरगावातलं स्थळ सांगून आलं. मुलाच्या आईचा निरोप आधीच पोचला होता: लग्नानंतर उड्या बंद. आईला स्थळ पसंत, बाबा म्हणाले, "बघू तरी."

तेव्हा मुलीला चालून दाखवायला सांगत, पायात खोट नाही ना हे पाहायला. मी त्याच प्रवेशाची वाट बघत होते. हिंदमाताहून आणलेली नवी साडी नेसून, मान खाली घालून बसले होते.

"चालून दाखव गं जरा," मुलाच्या आई म्हणाल्या.

मी उठले आणि डावा पाय असा काही ओढला, की मुलाच्या मामांचा चमचा तोंडाशीच थांबला. दारापाशी वळताना एक बारीकसं "आई गं" टाकलं. ते ठरलेलं नव्हतं. रंगात आल्यावर होतं.

मंडळी जिना उतरायच्या आधीच नकार कळला. मी मोरीत तोंडात पदर कोंबून हसले.

बाबा हसले नाहीत. ते तसेच उठून शाळेतल्या खेळाच्या बाईंकडे गेले आणि चाचणीतून माझं नाव काढून आले.

"पाय गेला पोरीचा," ते आईला म्हणाले, "आणि मी टाळ्या वाजवत बसलो."

"बाबा, नाटक होतं! हे बघा!" मी खोलीभर नाचून दाखवलं.

"गेल्या वर्षीही असंच म्हणालीस."

गेल्या वर्षी सुजलेला घोटा पट्टीने आवळून, कुणाला न सांगता मी धावले होते. पहिली आले होते. मग कितीतरी दिवस बाबांनी मला उचलून मोरीपर्यंत नेलं होतं. शर्यतीआधी त्यांनी विचारलं, तेव्हा "छे, कुठे दुखतंय?" म्हणत मी अशीच नाचले होते.

आई म्हणाली, "अहो, मघाशी सोंगच असेल तिचं."

"सोंग आत्ता करतेय ती," बाबा म्हणाले.

रविवारी ते दारात खुर्ची टाकून बसले. हातात पेपर होता, पण पान उलटलं नाही. दादरला बाकीच्या मुली धावल्या. पुढच्या वर्षीही बाबांनी नावाचा विषय काढू दिला नाही. काठीवर पुन्हा फक्त काकूंची लुगडी वाळू लागली. काकू हल्ली मला घोडी म्हणत नसत. मला ते फार लागे.

मग राज्य झालं. त्या संध्याकाळी बाबा मला रोषणाई दाखवायला घेऊन निघाले. परळपासून लालबागपर्यंत दिवे, गुलाल, ढोल. माणसं आम्हांला ओलांडून पुढे पळत होती. मीही निऱ्या जरा वर धरून झपाझप चालू लागले.

बाबांनी माझं कोपर धरलं.

"घाई नाही," ते म्हणाले. "आपण सावकाश जाऊ."