चन्नबसम्माच्या बरण्या

सोनपेठात चन्नबसम्माच्या घरी काचेची रिकामी बरणी एकदा आत आली की तिची सुटका नसे. जॅमची असो, मधाची असो, नाही तर शेजारच्या सविताबाईनं फेकायला काढलेली लोणच्याची असो. चन्नबसम्मा ती गरम पाण्यात बुडवून ठेवायची, वरचा कागद नखानं खरवडायची, उन्हात पालथी घालायची आणि मग तिच्यासाठी काम शोधायची. काम सापडेपर्यंत तिलाच चैन पडत नसे.

जॅमच्या बुटक्या बरणीनं ती तांदूळ मापायची. "दोन जॅम तांदूळ टाक," असं ती म्हणाली की नवखा पाहुणा घाबरून आत डोकावायचा. बूड फुटलेली उंच बरणी अंगणातल्या बेलाखालच्या दिव्याभोवती उभी असायची, म्हणजे वाऱ्याला दिव्याशी खेळ करता येत नसे. लाटणं कमी पडलं की सरबताची लांब बाटली पापडाला उभी राहायची. नवरा भीमाशंकर हयात असताना तिनं त्यालाही नादी लावलं होतं. त्यानं आपल्या किराणा दुकानातल्या फळीच्या खालच्या अंगाला बरण्यांची झाकणं ठोकून टाकली होती आणि खिळे, चुका, आकडे भरलेल्या बरण्या त्यांत फिरवून लटकवल्या होत्या. गिऱ्हाईक वर बघत राही आणि भीमाशंकर छाती फुगवून सांगे, "आमच्या मंडळीचं डोकं हाय ते."

पण तिची खरी फौज चुलीजवळच्या कोनाड्यात होती. सहा कडांच्या मधाच्या बरणीत जिरे. अंगावर रेघा असलेल्या कॉफीच्या बरणीत हळद. पोट सुटलेल्या बरणीत मीठ. चौकोनी बरणीत साखर. गळ्याशी टवका उडालेल्या बरणीत तीळ. येणारी-जाणारी म्हणायची, काचेचं बरं असतं बाई, आत काय आहे ते दिसतं. चन्नबसम्मा मान हलवायची. आत काय आहे ते तिला दिसत नव्हतं, हे मात्र तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तो एका दिवसात उतरला नाही, हळूहळू आला, आणि तेवढ्याच हळूहळू तिचे हात शहाणे होत गेले. बोट फिरवलं की बरणी आपलं नाव सांगायची. घरातली माणसंसुद्धा ती अशीच ओळखायला लागली होती. फरफटत येणारी चप्पल म्हणजे मुलगा शंभुराज. एका हातात जास्त आणि एका हातात कमी बांगड्या किणकिणल्या की सून त्रिवेणी. सकाळी डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसली की तिथं तिला काळा ठिपका तेवढा दिसायचा. बाकीचं ती मनानं भरून घ्यायची.

मग सांगायला काय झालं होतं? भीती होती, दुसरं काय. तिच्या सासूचे डोळे गेले तेव्हा तिनंच मोठ्या मायेनं सासूच्या हातातला उचटणा, म्हणजे भाकरीचं उलथनं, काढून घेतला होता. म्हातारीला बाजेवर बसवलं, वेळेवर ताट दिलं, कधी वाकडा शब्द बोलली नाही. आणि म्हातारी बसल्या बसल्या वाळून गेली. ते चन्नबसम्मानं पाहिलं होतं. आपल्या हातातला उचटणा आज ना उद्या कुणीतरी असंच मायेनं काढून घेईल, या विचारानं ती तो आणखी घट्ट धरायची.

आणि तसं घडायची वेळ आली, ती शंभुराजच्या नव्या स्वयंपाकघरानं. उन्हाळ्यात त्यानं जुनी भिंत पाडली, फरशी घातली, ओटा केला, आणि त्रिवेणीनं मानवतहून डब्यांचा संच आणला. सगळे डबे एका मापाचे, एका रंगाचे. प्रत्येकात एक चमचा आणि प्रत्येकाच्या झाकणावर नावाची चिठ्ठी.

"आता चुकायचं कामच न्हाई, आत्याबाई," त्रिवेणी हरखून म्हणाली. "नाव वाचायचं अन् डबा काढायचा."

"लय झ्याक केलंस," चन्नबसम्मा म्हणाली आणि एक चिठ्ठी डोळ्यांसमोर धरून वाचल्यासारखं केलं. "ह्या शिश्या काय करणार हाईस?"

"पोत्यात भरून माडीवर ठेवल्यात. भंगारवाला आला की देऊन टाकू."

चन्नबसम्मानं फळीवरून हात फिरवला. तिनं डब्यांची जागा पाठ केली. डावीकडून पहिलं मीठ, मग साखर, मग जिरे, मग हळद. देवाचं नाव घ्यावं तसं ती ते मनात घोळवत राहिली आणि श्रावण लागेपर्यंत कुणाला काही कळू दिलं नाही.

श्रावणातल्या सोमवारी या घरी बसय्या स्वामी जेवायला येत. जंगमाला, म्हणजे लिंगायतांच्या गुरूला, जेवू घालायचं ते चन्नबसम्माच्या हातचं, ही भीमाशंकरच्या वेळेपासूनची रीत. त्या दिवशी गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, तिच्या हातची नसली तर स्वामींना जेवल्यासारखं वाटत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. त्यातलं निम्मं तिनंच पसरवलं होतं, पण खोटं नव्हतं.

आदल्या दिवशी त्रिवेणीनं सण म्हणून फळी पुसली आणि डबे परत मांडले. मांडताना ते जरा मागंपुढं झाले. चिठ्ठ्या होत्याच, तिच्या मनात काही आलं नाही.

सोमवारी हुग्गी शिजत आली तेव्हा चन्नबसम्माला वासावरून गूळ कमी वाटला. तिनं डावीकडून दुसरा डबा काढला, चमचे भरभरून साखर वरून टाकली आणि ढवळून झाकण ठेवलं. चाखायचा प्रश्नच नव्हता. नैवेद्य आधी कुणी चाखतं होय?

स्वामी आले. "शरणार्थ" म्हणून नमस्कार झाले, पाय धुतले, पूजा झाली. स्वामी, शंभुराज आणि दोघे भाऊबंद पंगतीला बसले. चन्नबसम्मानं आपल्या हातानं हुग्गी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि कान देऊन उभी राहिली. दरवर्षी पहिल्या घासाला स्वामी "वा" म्हणत. या वर्षी म्हणाले नाहीत.

"आणखी वाढू का, स्वामी?"

"बास, बास," स्वामी घाईनं म्हणाले. "पोट भरलं."

लिंगायताच्या घरी ताटात शीतसुद्धा टाकत नाहीत. प्रसाद तो. जेवण झालं की ताटात पाणी घालून ताट धुवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. चौघांनी हुग्गी संपवली, ताटं धुतली, धुवण प्यायले आणि मग सगळेजण तांब्यावर तांब्या पाणी पीत सुटले. ती घटाघट चन्नबसम्माला ऐकू आली. तिला वाटलं, ऊन फार आहे.

पुरुषांचं आटोपल्यावर सासू-सून जेवायला बसल्या. चन्नबसम्मानं पहिला घास तोंडात घातला आणि तिचा हात तिथंच थांबला. गुळाच्या गोडव्यावर मिठाचा असा काही मारा होता की जीभ आखडली. स्वामींनी हे खाल्लं. वर ताट धुऊन प्यायले. लाजेनं तिला धरणी दुभंगावी असं झालं. आणि प्रसाद म्हणून तीही गपचूप पुढचा घास घ्यायला लागली.

एवढ्यात स्वामींना वाटेला लावून शंभुराज आत आला. बाहेर स्वामींपुढं तो हसला असावा, पण आत आला तो कपाळाला आठ्या घालून. "त्रिवेणी, कसले डबे भरलेस गं? साखरेच्या डब्यात मीठ!"

त्रिवेणीनं घास गिळला. "असंल. परवा भरायच्या गडबडीत माजंच चुकलं असंल."

"असंल काय? स्वामींपुढं अव्वाची मान खाली गेली. चार डबे धड भरता यीना तुला?"

"चुकलं म्हणलं की."

चन्नबसम्मा ऐकत होती. काल फळी पुसताना डबे मागंपुढं झाले असणार, हे आता तिच्या ध्यानात आलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. डबे बरोबर भरलेले होते हे त्या पोरीलाही ठाऊक असणार, तरी ती सासूसाठी खाली मान घालून बोलणी खात होती. चन्नबसम्मा गप्प राहिली असती तर उचटणा तिच्या हातात राहिला असता आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. पण तो घास काही गळ्याखाली उतरेना.

"तिला कामून बोलायलास?" ती म्हणाली. "डबे बराबर हायेत. मीठ म्या टाकलंय. मला दिसत न्हाई, शंभू."

"दिसत न्हाई म्हंजे?"

"म्हंजे दिसत न्हाई. चिठ्ठी दिसंना, डबा दिसंना. तू समोर हुबा हाईस, तुजं तोंड दिसंना. लय दिवस झाले."

शंभुराज तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला. "अव्वा, बोलली का न्हाईस? अन् इतके दिवस सैपाक कसा करायलीस?"

"माज्या शिश्यांनी करायले. त्या हाताला कळायच्या. मग डब्यांची जागा पाठ केली." मग इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं तिनं एकदम सांगून टाकलं. "आता मला बाजेवर बसवशाल. बसवा. पण लेकरांनो, मी तिथं जगायची न्हाई."

त्यावर बांगड्या वाजल्या. त्रिवेणी उठली, हात धुतला आणि जिन्यानं वर गेली. खाली आली तेव्हा पोत्यातल्या काचा एकमेकींवर आपटत होत्या. तिनं पोतं सासूपुढं ठेवलं आणि त्याचं तोंड सोडलं.

"कोणती कशाची, ते सांगा," ती म्हणाली. "मी भरते."

संध्याकाळपर्यंत दोघी बसल्या. "मी बी डोळे झाकून बघते," त्रिवेणी म्हणाली आणि पहिल्याच झटक्याला हळदीला तीळ म्हणाली. दोघी हसल्या. चन्नबसम्मा हसता हसता रडली आणि ते तिनं लपवलंही नाही. मिठाच्या बरणीच्या गळ्याला त्रिवेणीनं आपल्या मनानं जाड दोरा बांधला. नव्या डब्यांत दुकानातल्या गोळ्या-बिस्किटं गेली. पुढच्या सोमवारी स्वामी आले खरे, पण बसण्याआधी त्यांनी तांब्या जवळ ओढून घेतला. पहिल्या घासानंतर मात्र असं "वा" म्हणाले की सविताबाईला भिंतीपलीकडे ऐकू गेलं.

श्रावण सरल्यावर शंभुराज आईला एसटीनं परभणीला घेऊन गेला. त्रिवेणी दुकान सांभाळायला मागं राहिली. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला. परतीच्या वाटेवर चन्नबसम्मा खिडकीतून कापसाची बोंडं बघत राहिली आणि शंभुराजला दाखवत राहिली, जसं काही त्यानं ती कधी पाहिलीच नव्हती.

घरी आल्यावर ती पाय धुऊन थेट स्वयंपाकघरात गेली. कोनाडा गेला होता, बरण्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या. तिनं चष्मा जरा वर केला आणि कपाळावर हात मारला. झाकणं एकीची दुसरीला होती. काचांवर तेलाचे ओघळ होते, कॉफीच्या बरणीवर अर्धा कागद तसाच चिकटलेला होता. ह्यांच्याच भरवशावर आपण गावभर टेंभा मिरवत होतो होय? तिला हसू आवरेना. उद्याच सगळ्या राखेनं घासायच्या, असं तिनं ठरवून टाकलं.

तेवढ्यात दारात कुणीतरी येऊन थांबलं. सावळी, निमुळत्या तोंडाची, हनुवटीवर तीळ असलेली एक तरुण बाई. हातात चहाची कपबशी.

"कोण गं बाई तू?" चन्नबसम्मानं विचारलं.

बाई दचकली. बशी हलली, आणि बांगड्या किणकिणल्या. एका हातात जास्त, एका हातात कमी.

चन्नबसम्मानं ती किणकिण ओळखली. ही पोरगी या घरात आली तेव्हाच डोळ्यांपुढं धुकं आलेलं होतं. लग्नात अक्षता टाकल्या त्या लाल रंगाच्या एका आकारावर. तेव्हापासून एका ताटलीतली भाजी वाटून खाल्ली, एका पोत्यातल्या बरण्या पुसल्या, आणि सुनेचं तोंड तिनं आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

"आत्याबाई, मी हाय की. त्रिवेणी."

चन्नबसम्मा जवळ गेली. तिनं कपबशी काढून ओट्यावर ठेवली, चष्म्याआड डोळे मिटून घेतले आणि सुनेच्या तोंडावरून हळूहळू बोटं फिरवली. कपाळ, नाक, ओले झालेले गाल, हनुवटी.

"हां," ती म्हणाली. "तूच हाईस."

मग तिनं डोळे उघडले आणि पोटभर बघून घेतलं.