माशीवरचे स्वार

माझी धाकटी जाऊ बाजारामागच्या खताच्या आवारात कामाला होती. सडका भाजीपाला आणि शेण यांचे माणसाहून उंच ढीग, आतून इतके तापलेले की हात घालायची सोय नाही. ही दाताळं घेऊन ते वरखाली करायची. गल्लीत सगळे तिला खतवाली म्हणायचे. वासाला नाकं मुरडायचे, पण तिच्या हाताला चव, म्हणून जेवायला मात्र हजर!

एकदा तिने मला ढिगावरची माशी चिमटीत धरून दाखवली. पोटाखाली खसखशीएवढे तपकिरी किडे चिकटलेले.

"बघा जाऊबाई, हे स्वार. मेले फुकट फिरतात. माशी ताज्या ढिगावर बसली की हे उतरतात आणि तिचीच अंडी फस्त करतात."

"म्हणजे आपल्याकडच्या पाहुण्यांसारखेच की," मी म्हटलं.

ती पोट धरून हसली. स्वार जास्त त्या ढिगात अळ्या कमी, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. तिथेच घात झाला.

तिचा नवरा गवंडी. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेले. तळव्यात खिळा घुसला, तो कळला बूट काढल्यावर. जखम चिघळली. दवाखान्यात सांगितलं, झाकून ठेवा, पट्टी बदलायला आणत जा. हिला ते पटेना. झाकला की ढीग आत कुजतो, वारा लागला की सुधारतो, हे हिचं गणित.

एका दुपारी गेले तर भाऊजी झोपलेले, पाय उघडा, आणि ही पुठ्ठा घेऊन शेजारी. एक माशी हाकलली, दुसरी बसू दिली.

"अगं, हाकल की तिला!"

"तिच्यावर स्वार आहेत. अळ्या होऊ देणार नाहीत ते."

"तो पाय आहे, उकिरडा नव्हे!"

"तुम्ही कधी दाताळं धरलंय का हातात?"

मी लेकाला गाडी आणायला लावली आणि भाऊजींना उचलून नेलं. अळी एकही निघाली नाही, तेवढं तिचं खरं ठरलं. पण माशीच्या पायांना लागून आणखी काय येतं, ते दिसायला तिची नजरही पुरली नव्हती. बोटं काळी पडली होती. गुडघ्याखाली पाय कापला.

दवाखान्याच्या बाकावर ती मला म्हणाली, "मी बसवल्या माशा. सांगू का यांना?"

"आधी घरी येऊ देत."

घरी आले, तर बघायला माणसांची रीघ. भाऊजी उशीला टेकून प्रत्येकाला सांगत, "साखरेने नेला पाय. हिची काही कसूर नाही हो. दिवसभर पुठ्ठा घेऊन बसायची, एक माशी बसू दिली नाही."

"नशीबवान आहात," कुणीतरी म्हणालं.

खतवालीने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलणार. भाऊजींनी तिचा हात धरला आणि थोपटला.

"पाणी आण गं सगळ्यांना," मी म्हटलं.

ती आत गेली. पाहुणे वाट बघत बसले. शेवटी पाणी मीच आणलं.