साहेबांचं टेबल आणि वर्धेचं पाणी

"टेबल खाली उतरवा," मी म्हणालो. खानसामा असा बघत राहिला, जणू मी साहेबांनाच उतरवायला सांगितलं होतं.

कौंडण्यपूरचा घाट, माघ महिना. अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या आमच्या इंजिनीअर साहेबांना तो बैलगाड्यांऐवजी वर्धा नदीतून होड्यांनी न्यायचा होता. भाद्रपदात त्यांनी दुथडी भरलेली नदी पाहिली आणि रिपोर्ट लिहून टाकला. राहिली होती फक्त पाण्याची खोली. ती ओव्हरसियर म्हणून मी मोजायची, खाली सही माझी. पुढे होड्या फसून कापूस भिजला, तर जवळच्या तिवश्याच्या शेतकऱ्यांचं वर्ष बुडणार होतं आणि साहेब माझी सही दाखवणार होते.

माझं सामान म्हणजे खोली मोजायचा खुणांचा बांबू, दोर आणि भाकरी. साहेबांचं म्हणजे घडीचं टेबल, खुर्च्या, बाटल्यांच्या पेट्या आणि जिवंत कोंबड्यांचं खुराडं. हे सगळं न्यायला खोड कोरून केलेला डोंगा एकच, तोही अरुंद.

"बांबूला जागा नाही," साहेब म्हणाले. "अंदाजाने लिहा."

"अंदाज अमरावतीतही लिहिता आला असता, साहेब."

डोंगा धरून उभा असलेला सोनबा भोई हसला. "बाबूजी, नदी पाहाले चालले का वरात घेऊन चालले?"

मी पुन्हा सामानाकडे पाहिलं. कापसाचे बोजे भरले असते, तर डोंग्यावर साधारण एवढाच भार आला असता.

"राहू द्या सगळं," मी खानसाम्याला म्हणालो. "काठावरची पेटीही चढवा."

साहेब खूश झाले. बांबू मी हातात उभा धरून बसलो.

पहिल्या वळणावर डोंगा खरखरला आणि थांबला. सोनबाने रेटून पाहिलं. हलेना.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"वाळूत बसला, साहेब. तुमी उतरा, मंग उठते तो."

"आधी सामान उतरवा!"

"उतरवतो," मी म्हणालो. "पण कापूस असता, तर इथे कुठे उतरवला असता?"

मी बांबू पाण्यात टेकवला. गुडघाभरही पाणी नव्हतं.

साहेबांनी वाळूतच टेबल मांडलं आणि जेवण केलं. मी आणि सोनबा रिकामा डोंगा घेऊन दिवस मावळेपर्यंत खाली मोजत गेलो. मध्येच खोल डोह, लगेच खडक, पुन्हा वाळू.

साहेबांनी रिपोर्टातली नदीची स्तुती कायम ठेवली. मी खोलीचे आकडे भरले आणि खाली एक ओळ जोडली: 'वरील स्तुती पावसाळ्यातली आहे, कापूस दिवाळीनंतर निघतो.' मग सही केली. कापूस गाड्यांनीच गेला.

नदीवर जाताना सामान हलकं ठेवावं, असं शहाणे सांगतात. सोबत साहेब असेल, तर मी म्हणतो, त्याचं सगळं घ्यावं.