संमोहनाच्या तासाला

आमच्या चित्रकला महाविद्यालयात संमोहनाचा तास सुरू झाला, तेव्हा माझे मिस्टर जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळी दाढी करता करता ते बाथरूमच्या दारात कोसळले. मी आधी गिझर बंद केला, मग शेजारच्या काकूंना हाक मारली. पुढचे कितीतरी दिवस लोक भेटायला येत, रडत, आणि मी त्यांना पाणी आणून देई. नणंद म्हणाली, "वहिनी, एकदा मोकळी हो. रड." मी हो म्हणाले. रडायचं राहूनच गेलं.

दिवसकार्य झालं तशी मी पुन्हा कामावर रुजू झाले. हिंगोलीतलं आमचं कॉलेज म्हणजे एका धान्याच्या गोदामावरच्या चार खोल्या. सेनगाव, वसमत, कळमनुरीकडची पोरं एसटीनं यायची. ड्रॉइंग मास्तर व्हायचं, एवढंच बहुतेकांच्या मनात असायचं. मी त्यांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र शिकवायचे. हात सगळ्यांचे बरे होते, पण चित्रं सगळी सारखी. 'बसस्थानक' विषय दिला की प्रत्येकाच्या कागदावर एक लाल बस, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई आणि उजव्या कोपऱ्यात फुगेवाला. हिंगोलीच्या स्टँडवर मी आजवर फुगेवाला पाहिलेला नाही. पण त्याला मार्क मिळत, म्हणून तो असे.

आमच्या प्राचार्यांना याचं वाईट वाटायचं. त्यांनी ओळखीतले नांदेडचे एक निवृत्त प्राध्यापक शोधून काढले. मानसशास्त्र शिकवलेले, संमोहन जाणणारे. आठवड्यातून एकदा येऊन ते पोरांची कल्पनाशक्ती मोकळी करणार होते.

"मॅडम, तुम्ही बसा त्या तासाला," प्राचार्य म्हणाले. "खोलीत मुली आहेत. बाई माणूस सोबत असलेलं बरं."

मी म्हणाले, "बसते."

ते प्राध्यापक बारीक अंगाचे, खोकल्याची गोळी सतत तोंडात ठेवणारे गृहस्थ होते. बाकं भिंतीला लावून सतरंज्या घातल्या. त्यांनी आधीच सांगितलं, "ही झोप नाही. माझा आवाज तुम्हाला ऐकू येत राहील. नको वाटलं तर सरळ डोळे उघडा, मला राग येणार नाही." मग ते सावकाश बोलू लागले. श्वास, खांदे, पापण्या. एक जिना आहे, तुम्ही पायरी पायरी उतरताय. खाली एक दार आहे, ते उघडा. आत जे दिसेल ते बघा. परत आल्यावर ते कागदावर काढायचं, चांगलं की वाईट ते ठरवायचं नाही.

पहिल्या दिवशी दोघी फिसकन हसल्या आणि एक पोरगा चक्क घोरला. मीही मागे बसून डोळे मिटले होते. उजवा हात हलका होतोय, आपोआप वर उचलला जातोय, असं ते म्हणाले. कोणाचे हात उचलले गेले ते मला माहीत नाही. माझा मांडीवर होता, तिथेच राहिला.

तास संपल्यावर ते मला म्हणाले, "तुमचा हात नाही उचलला, मॅडम."

"नाही."

"काही जणांना वेळ लागतो."

"बरं," मी म्हणाले आणि सतरंज्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पुसेगावकडची एक मुलगी होती. घरी मेंढ्या-शेळ्या आणि थोडी कोरडवाहू शेती. तिच्याइतकं नीटनेटकं काम वर्गात कोणाचं नव्हतं, आणि तिच्याइतकं खोडरबरही कोणी वापरत नव्हतं. एक रेघ काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. शेवटी कागदाला लव सुटायची. तिसऱ्या की चौथ्या तासानंतर तिनं डोळे उघडले, पेन्सिल बाजूला सारली, कोळशाची कांडी घेतली आणि अर्धा तास मान वर केली नाही.

कागदभर पाय होते. मेंढ्यांचे बारीक, काळे, चिखलानं माखलेले पाय. वरच्या बाजूला पोटाखालची लोकर, ढगासारखी खाली आलेली. तोंड एकाही मेंढीला नव्हतं. मधल्या फटींतून थोडासा उजेड. कोणीतरी जमिनीवर पडून वर पाहावं, असं ते चित्र होतं.

प्राचार्यांनी विचारलं, "डोकी कुठायत मेंढ्यांची?" प्राध्यापकांनी त्यांना हातानंच थांबवलं.

ते चित्र चांगलं आहे हे मला कळलं. त्या दिवसांत मला सगळं कळत होतं. वाटत काही नव्हतं. मी कागदाच्या मागे तिचा हजेरी क्रमांक घातला आणि तो कपाटात ठेवला.

प्राध्यापकांचे तास अडीच महिने चालले. मग त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि ती दोघं पुण्याला मुलीकडे गेली. लवकर परतणार नव्हती. बाकीची पोरं आपापल्या फुगेवाल्याकडे परतली. ही मुलगी मात्र कोऱ्या कागदासमोर बसून राहू लागली. पहिल्यासारखी पुसापुशीही करेना. मी एकदा जवळ जाऊन उभी राहिले.

"काय झालं?"

"येऊनच न्हाई राहिलं, मॅडम."

"पूर्वी काढायचीस तसं काढ."

"तसं आता काढू वाटत न्हाई." ती कांडी बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमी म्हणा ना ते. सर म्हणायचे ते, पायऱ्यांचं."

"मला कुठे येतं ते?"

"तुमी तर दर टाइमाला बसत होत्या. पाठ झालं असंल तुमाला."

पाठ झालं होतं, हे खरं. मी पुण्याला फोन लावून प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "साधं ठेवा. कोणाला हात लावू नका, आत काय दिसलं ते खोदून विचारू नका. आणि परत आणताना घाई करू नका, पूर्ण जागं करा." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कशा आहात?" मी म्हणाले, "ठीक."

दुपारच्या सुट्टीनंतर मी तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना बसवलं, खिडक्या लोटून घेतल्या आणि बोलू लागले. मला वाटलं होतं आवाज कापेल, हसू येईल. तसं काहीच झालं नाही. किराणा दुकानात सामान सांगावं तशी मी श्वास, खांदे, पापण्या सांगत गेले. तिघीही लवकर शांत झाल्या. त्यांना जागं केल्यावर त्या मुलीनं वारंगा फाट्यावरचा एक ट्रक काढला. तोही खालून, चाकाच्या बाजूनं.

घरी जायला निघताना ती म्हणाली, "तुमचा आवाज सरांहून चांगला हाय."

"काहून गं?" मीही तिच्यासारखंच विचारलं.

"सर लई जीव लावून बोलायचे. तुमचा आवाज निसता चालत राहतो. कुठं अडकत न्हाई."

नणंदही फोनवर असंच काहीतरी म्हणायची, फक्त तक्रार म्हणून. "वहिनी, असं काय बोलतेस, रेकॉर्ड लावल्यासारखं."

हळूहळू आठ-दहा जण बसू लागले. मी रोज बोलायचे आणि मग त्यांची चित्रं बघायचे. कोणी हळद शिजवायच्या कढईतून उठणारी वाफच नुसती काढली, कोणी बापाची पाठ. कुरुंद्याच्या एका मुलानं पिवळ्या रंगाशिवाय काही वापरायचंच नाही असं ठरवलं. तास संपला की वर्गात गलका व्हायचा. मी खिडक्या उघडायचे.

गावात बोलणं सुरू झालं. कॉलेजात बाई पोरांना झोपवते, भानामती करते. आमच्या भागात हा शब्द निघाला की तो लवकर विझत नाही. दोन पालकांनी प्राचार्यांना फोन केले, आणि एका दुपारी त्या मुलीचे वडील स्वतः आले. उंच, पांढरा सदरा, हातात मोबाईल. दारातच चपला काढून उभे राहिले.

"मॅडम, लेकराला काही तकलीफ तर न्हाई ना होत?"

"बसा. तुमच्यासमोरच घेते तास."

ते मागच्या बाकावर ताठ बसले. मी बोलायला लागले. पोरांच्या पापण्या मिटल्या. मी जिन्यापर्यंत आले आणि मागून जोरात घोरणं ऐकू आलं. वडिलांची मान छातीवर टेकली होती. मुलगी डोळे मिटूनच हसू दाबत होती, आणि तिचं ऐकून सगळा वर्ग हसायला लागला. त्या दिवशी कोणी खाली उतरलंच नाही.

वडील दचकून उठले, चेहऱ्यावरून हात फिरवला. "सकाळपून पायी पायी होतो," ते ओशाळून म्हणाले. "पण बेस झोप लागली. भानामतीनं अशी लागत न्हाई."

जाताना मी त्यांना मेंढ्यांचं चित्र दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, मग जवळ आणलं.

"हे तर खालून हाय."

"हो."

"ही बारकी होती तवा आमी लोकांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला जायचो. थंडी लई. मंग हिला मेंढ्यांच्या मधीच निजवायचो, ऊब राहती म्हणून." ते मुलीकडे बघून म्हणाले, "तुला कसं याद राहिलं गं? चालता बी येत नव्हतं तुला."

"मला कुठं याद हाय," ती म्हणाली.

दोघं चित्राकडे बघत उभी राहिली. वडिलांनी दोनदा नाक ओढलं. मी बाजूला उभी होते, आणि इथे आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असा विचार मनात आला. मी त्याची वाट पाहिली. मग शिपाई घंटा द्यायला आला.

परीक्षा जवळ आली तसा नवा प्रश्न उभा राहिला. परीक्षेच्या खोलीत मी पायऱ्या सांगत बसू शकणार नव्हते. म्हणून मी ठरवलं की शब्द एकेक करून काढून घ्यायचे. आधी खांदे सोडले. मग अर्ध्या पायऱ्या. कोणाला कळलंसं वाटलं नाही. एके दिवशी मी दाराबद्दल बोललेच नाही. तास संपल्यावर ती मुलगी टेबलाशी आली.

"आज दार उघडायला न्हाई लावलं तुमी."

"राहिलं."

"मी उघडलं मग," ती म्हणाली, आणि हात धुवायला निघून गेली.

शेवटच्या आठवड्यात मी फक्त "बसा" म्हणायचे आणि गप्प राहायचे. खाली गोदामात पोती उतरवल्याचे आवाज यायचे. पोरं डोळे मिटून बसायची, आपापल्या वेळेला उघडायची आणि कामाला लागायची. दोघा-तिघांना ते जमलं नाही. त्यांनी पुन्हा फुगेवाला धरला.

परीक्षेत स्मरणचित्राला विषय आला 'आठवडी बाजार'. ती मुलगी कागद लावून डोळे मिटून बसली. बराच वेळ. बाहेरगावाहून आलेले परीक्षक फिरत फिरत तिच्यापाशी थांबले. "ही झोपली का?"

"जागी आहे," मी म्हणाले. "राहू द्या."

मग तिनं काढलं. हातगाड्यांच्या खालून दिसणारा बाजार. चाकं, चपला, टाचा, पोत्यांची बुडं, पायाखाली तुडवलेली मिरची, तराजूच्या पारड्याची खालची बाजू, लोकांच्या पायांमधून येणारं एक कुत्रं.

संध्याकाळी परीक्षकांना चहा होता. कागद वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावलेले. त्यांनी तिचा कागद वर धरला आणि हसले. "माणसांना डोकीच नाहीत हो. विषय बाजार आहे, चपलांचं दुकान नाही." प्राचार्यही थोडे हसले, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून.

माझे कान गरम झाले. आधी वाटलं ताप आहे.

"सर," मी म्हणाले, "इतक्या पोरांत ही एकटीच बाजारात जाऊन आली आहे. बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या पोरांची चित्रं बघून काढलंय."

"मॅडम, तुमच्या नात्यातली आहे का?"

मी कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीतून त्यांच्या रुमालावर गेला. माझा आवाज चढला होता. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. चित्र बघायला आधी गुडघे टेकावे लागतात, असं काहीतरी बोलले. प्राचार्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. "मॅडम, मॅडम, शांत व्हा. निकाल त्यांच्या हातात आहे."

मी शांत होत नव्हते. घरी जाताना रिक्षावाल्याशी भांडले, कोपऱ्यावर भाजीवाल्याला दोन टमाटे परत केले. घरात आल्यावरही तळहात गरम होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या तळहातांकडे बघितलं. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्याशी. जेवण तिखट होतं, हे जिभेला कळलं.

दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा राग गेला होता. मी चहा ठेवला, केर काढला. सगळं आधीसारखंच होतं.

मुलगी पास झाली. स्मरणचित्रात जेमतेम, माझ्या भांडणामुळे की भांडण होऊनही, ते सांगता येत नाही. पुढच्या वर्षी प्राचार्य बदलले, नव्यांना संमोहन बिंमोहन नको होतं, आणि मीही आग्रह धरला नाही.

ती मुलगी आता एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवते. मावशीकडे राहते, पगार वेळेवर होत नाही. मधूनच तिचा फोन येतो. परवा मी सहज विचारलं, "अजून बसतेस का डोळे मिटून?"

"टाइम कुठाय, मॅडम. वर्गभर लेकरं हायेत. मी डोळे मिटले तर एखादं खिडकीतून बाहेर."

ती मोठ्यानं हसली. मीही हसले, तिला ऐकू जाईल इतपत.