मागचं दार

खुर्च्या विणणाऱ्या मावशींच्या दुकानाचं पुढचं शटर एका टेम्पोने ठोकरलं आणि ते कायमचं अडकून बसलं. दुरुस्त करा, दुरुस्त करा, म्हणून मावशींनी जागामालकाचं डोकं खाल्लं, तो ढिम्म. शेवटी त्यांनी शटरला आतून वेताच्या मोळ्या टेकवल्या आणि मागच्या गल्लीतल्या दारातून धंदा चालू ठेवला. गिऱ्हाईक मागून, चहावाला मागून, खुद्द मालकही मागूनच.

एका सकाळी हाच मालक त्या दारात उभा राहिला. "आवरा आता, मावशी. कोर्टाचा निकाल लागलाय. जागा खाली करायची."

मावशींच्या हातातला ओला वेत हातातच राहिला. कसलं कोर्ट नि कसला दावा? मावशींनी एक वकीलबाई गाठल्या, आणि त्यांनी कोर्टातून कागद काढले तेव्हा उलगडा झाला. समन्स घेऊन आलेल्या कोर्टाच्या बेलीफाला मालकाने पुढे नेऊन शटर दाखवलं होतं. बेलीफाने 'दुकान बंद, आत कोणी नाही' असं लिहिलं, समन्स शटरला चिकटवलं आणि गेला. पुढे तो कागद वाऱ्याने नेला की शेळीने खाल्ला, देव जाणे. मावशी तारखेला नाहीत, म्हणून निकाल एकतर्फी.

दीर समजूत घालायला आले. "वहिनी, कोर्टाशी कुठे डोकं लावता? दुसरी जागा बघू."

"तुम्ही खुशाल बघा, भावजी. मी हलणार नाही. हरले असते तर एक वेळ गिळलं असतं. यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. मी काय गरीब गाय वाटले यांना?"

निकाल रद्द करण्यासाठी अर्ज दाखल झाला. कोर्टात मालक साळसूदपणे म्हणाला, "यांना सगळं ठाऊक होतं, साहेब. मुद्दाम आल्या नाहीत. मी निकाल सांगायला गेलो, तर मजेत काम करत बसलेल्या."

"आत कुठून गेलात?" वकीलबाईंनी विचारलं.

"मागच्या दाराने."

"पुढून का नाही?"

"ते शटर उघडतंय कुठे?" मालक बोलून गेला.

न्यायाधीशांनी मान वर केली. "आणि बेलीफाला तेच दाखवलंत?"

निकाल रद्द झाला.

बाहेर आल्यावर दीर म्हणाले, "पण दावा पुन्हा पहिल्यापासून चालणारच ना?"

"चालू दे की. आता समोर मी आहे."

त्याच संध्याकाळी मावशी रंगाचा डबा घेऊन पुढच्या रस्त्यावर गेल्या. शटरवर हातभर अक्षरांत लिहिलं, 'दार मागे आहे. कोर्टाच्या माणसांनीही तिकडूनच यावं.' खाली बाण काढला. जरा लांब जाऊन पाहिलं, आणि परत येऊन बाणाचं टोक आणखी जाड केलं.