केंडाखालचं कार्ड

आमच्या बेलवलीच्या चाळीत मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की आधी शोकेस पुसली जायची, मग मुलगी सजायची. शोकेसमधलं सगळं ‘मुलीनेच केलंय’ असं सांगायचा रिवाज. वायरची पिशवी असो की मण्यांचा पोपट, केलेला आईने. सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कुणी नाही. मला त्या खोटेपणाची भारी चीड यायची.

शेजारच्या गयाबाई गोरिवलेंची शोकेस मात्र बघण्यासारखी होती. त्यांचं माहेर हर्णैजवळचं. मे महिन्यात तिथून येताना शंख, तारामासे आणि कोळणींनी फेकून दिलेला केंड मासा मीठ लावून आणायच्या. केंड म्हणजे फुग्यासारखा फुगणारा विषारी मासा, कुणी खात नाही. पहिला तारामासा त्यांनी ओलाच व्हार्निश करून ठेवला, तेव्हा चाळभर असा वास सुटला की त्यांचे यजमान हरिचंद्रभाऊ तो नदीत टाकून आले. गयाबाई हटल्या नाहीत. पुढे केंडात लाकडाचा भुसा ठासून त्या तो टम्म फुगवायच्या, महिनाभर सावलीत वाळवायच्या. डोळे आटायचे, म्हणून कॅम्प चारच्या बाजारातल्या खेळणीवाल्याकडून बाहुलीचे डोळे आणायच्या.

त्या माशांच्या जोरावर तीन मुली उजवल्या. तिघींनी घोकून सांगितलं, ‘हा मी केला,’ आणि एकेक मासा सासरी नेला. गयाबाई पडद्याआड पोहे परतत ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, “माझं नाव सांगितलं तर काय मासा पळून जाणार हाय?” हसल्या, पण डोळे भरले होते.

अठ्ठ्याऐंशी साली धाकट्या अंजनाची पाळी आली. अंबरनाथहून मुलाची आई द्रौपदीबाई आल्या. मोठ्या कडक बाई. चहा व्हायच्या आधीच उठून शोकेसपाशी गेल्या. केंडाखाली एक पांढरं कार्ड उभं होतं. सकाळी मदतीला येऊन मी काच पुसली तेव्हा ते नव्हतं. द्रौपदीबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, “केंड मासा. करणाऱ्या, सौ. गयाबाई हरिचंद्र गोरिवले.”

पडद्याआड झारा खाली पडला. हरिचंद्रभाऊंचा चेहरा उतरला. स्थळ गेलं, असंच मला वाटलं.

“मग तू काय केलंस?” द्रौपदीबाईंनी अंजनाला विचारलं.

“कार्ड,” अंजना म्हणाली. “मी टायपिंग शिकते, कुळगावला. मासा आईचा आहे.”

द्रौपदीबाई पडद्याकडे वळून म्हणाल्या, “अहो विहीणबाई, बाहेर या की! ह्याचे डोळे कुठून आणलेत, ते सांगा आधी.”

विहीणबाई! मी तर टाळीच वाजवली. गयाबाई हात पुसत बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि अर्धा तास बोलत होत्या. पोहे गार झाले, कुणाला त्याचं काही नव्हतं.

निघताना हरिचंद्रभाऊंनी चाचरत मानपानाचं विचारलं.

“साडी वगैरे काही नको,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “हा मासा द्या. आणि कार्ड काढू नका.”

लग्नानंतरच्या संक्रांतीला थोरल्या तिघी माहेरी आल्या. जाताना प्रत्येकीने अंजनाकडून एकेक कार्ड टाइप करून नेलं.