कल्लव्वाच्या मशीनचा मेंदू

“मेंदू बदलायचा म्हंजे कुणाचा रे दस्तगीर? मशीनचा का आमच्या मालकांचा?”

“मालकांचा बाजारात मिळत न्हाई, अव्वा. कंपनीनं बनवायचा बंद केलाय.”

कल्लव्वा अंगडी पदर तोंडात धरून हसली आणि लगेच गप झाली. गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. ह्या मशीनपायी तिची गंगी म्हस दावणीतून सुटायची पाळी आली होती.

ब्याडगीत लग्न कुणाचंही असो, कॅमेरा चनबसप्पा अंगडीच्या खांद्यावर आणि कातरी त्याच्या बायकोच्या हातात. तो दिवसभर मांडवात फिरून जे काय गोळा करून आणी, त्याचा सिनेमा कल्लव्वा पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून करायची. आहेर देणारा एक जरी सुटला तरी वर्षभर अबोला, म्हणून सिनेमा लांबच लांब. त्यात कल्लव्वाचा स्वभाव. नळावर जी बाई तिच्याशी भांडली, ती सिनेमात जांभई देतानाच दिसायची. जिनं बरी भाजी धाडली, तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. गाव तिला भिऊन होतं.

पण औंदा मशीननं मान टाकली. सिनेमा जोडायला लावला की पंखा पिठाच्या गिरणीगत ओरडायचा आणि काम मात्र मुंगीच्या चालीनं. तोंडावर पंचमी. माहेरी आलेल्या लेकींना झोक्यावर बसायच्या आधी आपलं लग्न बघायचं असतं, आणि गावच्या पाटलाच्या, म्हंजे गौडांच्या, लेकीचा सिनेमा आहेरातच अडकून पडलेला.

चनबसप्पानं फैसला करून टाकला होता. “मशीन म्हातारं झालंय. म्हस इकू अन् नवं कोरं आणू.”

म्हशीवर त्याचा राग जुना. एकदा तो नवं धोतर नेसून भाच्यासाठी मुलगी बघायच्या कार्यक्रमाला निघाला असताना गंगीनं त्याला शेणात बसवला होता. मशीन हे निमित्त. सकाळीच तो व्यापाऱ्याला आणायला गेला होता.

म्हणून कल्लव्वानं त्याच्या पाठीमागं दस्तगीरला बोलावणं धाडलं. दस्तगीर दुरुस्तीवाला. हुबळीच्या बाजारातून मोडीतल्या मशीनांचे भाग आणायचा आणि गावभर बसवायचा. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत चौकोनी बिस्किटाएवढा प्रोसेसर, म्हणजेच मशीनचा मेंदू.

“हा बघा. तुमच्या बोर्डावर ह्याच जातीचा बसतोय. ह्याच्यापेक्षा तगडा पायजे तर बोर्ड बदला, मेमरी बदला, मग म्हस कशाला, घरच इका. ह्यानं काम निम्म्यावर येतंय.”

“तू म्हणतोस म्हणून?”

“मग कुणी म्हणायचं?”

“औतानं. आम्ही बैल घेताना आदी जुंपून बघतो, लेका. दात सगळेच दाखवत्यात.”

तिनं गौडांच्या लग्नातला अक्षतांचा तुकडा मशीनला जोडायला लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन जोंधळ्याच्या भाकऱ्या थापायला बसली. तिचं घड्याळ भाकरीचं. दुरडी भरली, तवा उतरला, तरी आत अक्षता पडतच होत्या.

“आता काढ जुना,” ती हात पुसत म्हणाली.

दस्तगीरनं वायर काढून मशीनची बाजू उघडली आणि आत फुंकर मारली. दोघंही असे शिंकले की दावणीतली गंगी उठून उभी राहिली.

“मिरची,” कल्लव्वा म्हणाली. ब्याडगीत कुठल्याही गोष्टीचं खापर मिरचीवर फोडायचं, ही रीतच.

“मिरची पिवळी कवापासून झाली, अव्वा? अन् ही पांढरी?” दस्तगीरनं बोटावर भुकटी घेऊन हुंगली. “वास तर उदाचा. ह्या मशीनला कुणी पीर म्हणून पुजलंय का काय?”

कल्लव्वानं पदरानं नाक पुसलं. पुजलं होतं तिनंच. दर खंडेनवमीला सगळं गाव आपापल्या हत्याराला कुंकू लावतं, गाडीपुढं कोहळा फोडतं. पण बाहेरनं कुंकू लावलं तर आत काय आहे ते देवाला कसं कळणार, म्हणून कल्लव्वा झाकण उघडून खास मेंदूपाशी जायची. पंख्याच्या पात्यांना हळदकुंकू, त्याखालच्या जाळीवर इभुतीचे तीन पट्टे, वर उदाची भरपूर धुरी. दरसाल. पंख्याला वारा घ्यायला फटच उरली नव्हती. मेंदू आत उकडत होता आणि उकडलेला माणूस चालतो तसा चालत होता.

दस्तगीरनं ब्रशनं सगळं झाडलं, जुना काढून नवा बसवला, उष्णता ओढून घेणारं मलम लावून वर पंखा आवळला. पुन्हा तोच अक्षतांचा तुकडा, पुन्हा तवा चुलीवर. दुसरी दुरडी निम्मी झाली न झाली तोच आतून दस्तगीर ओरडला, “झालं! काय म्हटलं होतं?”

“लई झ्याक. आता जुना परत बसव.”

“आं? का म्हणून?”

“बसव म्हणते न्हवं? रान तेच, औत तेच. दोघांनी एकाच रानात चालून दाखवू दे.”

कुरकुरत त्यानं जुना पुसून, मलम लावून परत बसवला. कल्लव्वा तिसऱ्यांदा तव्यापुढं बसली. एवढ्या भाकऱ्या खाणार कोण, हा विचार नंतर. तिसरी दुरडी निम्मी भरली, वर दोन भाकऱ्या पडल्या, आणि आतला पंखा शांत झाला.

ती दारात येऊन उभी राहिली. “दोन भाकऱ्यांचा फरक. दोन भाकऱ्यांसाठी मी मेंदू बदलू व्हय?”

दस्तगीरनं पुडी गुपचूप खिशात घातली. “माझा धंदा बसवलात, अव्वा. पण खरं हाय. गरज झाडूची होती. आता खंडेनवमीला...”

“त्याचं नाव काढू नको. मालकांना कळलं तर मरेस्तोवर टोमणे मारतील.”

“मी कशाला बोलतोय?” दस्तगीर दावणीकडं बघत म्हणाला. “पण दही घट्ट पायजे बघा.”

दह्याचं गाडगं त्याच्या हातात पडतंय तोच चनबसप्पा व्यापाऱ्याला घेऊन आला. व्यापारी गंगीच्या पाठीवर हात टाकणार, तेवढ्यात कल्लव्वा म्हणाली, “म्हस ऱ्हाऊ द्या तिथंच. मशीन पळतंय.”

चनबसप्पा आत डोकावला. पडद्यावर गौडांच्या जावयाला काकडआरतीगत ओवाळत होते, न अडता.

“नवं काय बसवलंस, दस्तगीर?”

“काय न्हाई, मालक. जुन्यालाच समजावलं.” दस्तगीर गाडग्याकडं बघत बोलला.

“मग बिघडलं कशानं हुतं?”

“कशानं म्हंजे? तुमच्या बिडीच्या धुरानं!” कल्लव्वा कडाडली. “इथं बसून ओढता, सगळा धूर आत. बघा ही राख!” आणि तिनं झाडलेली पांढरी भुकटी त्याच्यापुढं धरली.

चनबसप्पानं कानावरची बिडी काढून उंबऱ्याबाहेर टाकली. व्यापाऱ्यानं ती उचलली आणि पेटवत चालता झाला. गाडगं पोटाशी धरून दस्तगीरही निघाला, खांदे हलत होते त्याचे.

चिमूटभर इभुती अजून कल्लव्वाच्या बोटात होती. सवयीनं हात मशीनकडं गेला, मधेच थांबला. तिनं ती नवऱ्याच्या कपाळाला लावली.

“हे कशाला?”

“तुमी बी लई तापता. सरका, गौडांच्या बायकोची नणंद अजून जांभई द्यायची ऱ्हायलीय.”

आणि तिनं पाट ओढून माउस हातात घेतला.